तुम्ही विचारा : पुरस्कार मिळालाय म्हणे, साडेचार हजार भरा

मागच्या महिन्यात या पानावर सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय आणि पाणी, झाडं, बियाणं याच्यासाठी काम करणाऱ्या बायकांना जगात चांगले मोठे पुरस्कार मिळतात. झालं. इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळी केसगळती, गुडघेदुखी, सासू सगळं बाजूला ठेवलंय. (केसगळतीवाल्या ताईंनी रागावू नये, पुढच्या अंकात नक्की.)

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही औसा तालुक्यातल्या अकरा जणी, आमचा बचत गट आहे. चार वर्षं झाली, प्रत्येकीनं घरच्या रानातला अर्धा अर्धा एकर मागून घेतला, मालकांनी दिला तो पण मुरमाड तुकडाच दिला म्हणा. तरी त्याच्यात सोयाबीन न लावता मूग, उडीद, तूर, मटकी, हुलगा, ज्वारी, अंबाडी, भाजीपाला असं सगळं मिसळून लावतो, पोत्यातलं खत नाही, बी घरचंच. आता महिना झाला एक जण सारखे फोन करायलेत, की तुमच्या गटाची आंतरराष्ट्रीय महिला पर्यावरण पुरस्कारासाठी निवड झालीय, दिल्लीला कार्यक्रम आहे, एकीचे साडेचार हजार नोंदणी भरा, ट्रॉफी, सर्टिफिकेट आणि जेवण त्याच्यातच आलं. अध्यक्ष म्हणायलीय भरू. आमच्या तिघीचौघींच्या मनात धाकधूक आहे. असं खरं असतं का? आणि मग खरे पुरस्कार कोणते? नाव छापू नका, गटात भांडण नको.

उत्तर : भरू नका ताई. एक रुपया भरू नका, आणि अध्यक्षताईंना हे पान दाखवा, वाईटपणा माझ्यावर ढकला.

अकरा जणींचे साडेचार साडेचार म्हणजे साडेएकोणपन्नास हजार झाले. तेवढ्यात चार उस्मानाबादी शेळ्या येतील गटाला आणि त्या दिल्लीला नाही जाणार, दारात राहतील. खऱ्या पुरस्कारात पैसे तुमच्याकडे येतात, तुमच्याकडून जात नाहीत, एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी काही तपासायची गरजच नाही.

माझी मावसबहीण अशीच गेली होती म्हणून एवढ्या तोंडानं सांगतेय. तिनं शाळेच्या आवारात तीसेक झाडं जगवली होती, खरंच जगवली होती, मे महिन्याच्या सुट्टीत सुद्धा कळशीनं पाणी घालून. तिला पण असाच फोन आला, तिनं नोंदणी भरली, रिझर्वेशन केलं, नवी साडी घेतली. हॉलवर गेली तर दोनशेच्या वर माणसं रांगेत उभी, कुणी ज्योतिषी, कुणी पार्लरवाली, कुणी इन्शुरन्सवाला, सगळ्यांना सेम ट्रॉफी, नावं पुकारायची घाई अशी की एकाचा फोटो निघायच्या आत दुसरा स्टेजवर. हिच्या सर्टिफिकेटवर आडनाव चुकलेलं आणि खाली ‘पर्यावरन’ असं छापलेलं. ट्रॉफीचा सोनेरी मुलामा दिवाळीच्या आत निघाला, आता ती मागच्या दाराला टेकू म्हणून असते. हसून सांगते ती सगळ्यांना. पण त्यानंतर दोन वर्षं तिनं झाडांचा विषयच कुणाजवळ काढला नाही, लाज वाटायची म्हणाली, जशी काही झाडं पण खोटीच होती.

आता खरे. सगळ्यात नावाजलेला म्हणजे गोल्डमन पुरस्कार. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड आणि ऱ्होडा गोल्डमन या नवराबायकोनं १९८९ साली तो सुरू केला, पहिल्यांदा दिला १९९० ला, जगाचे सहा भाग पाडून दरवर्षी देतात. हा काही फक्त बायकांचा नाही, पण यादी काढून बघा, केनियाच्या वांगारी मथाई १९९१ ला, आपल्या मेधाताई पाटकर १९९२ ला, भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला २००४ ला. गंमत अशी की याला आपण अर्जच करू शकत नाही, ठरलेल्या संस्था आणि जाणकार लोकं आतल्या आत नावं सुचवतात. म्हणजे उद्या कुणी फोन केला की ताई गोल्डमनचा फॉर्म भरून देतो, तर समजायचं काय ते.

फक्त बायकांसाठीचे म्हणाल तर जिनिव्हाची विमेन्स वर्ल्ड समिट फाउंडेशन ही संस्था आहे, ती १९९४ पासून खेड्यातल्या बायकांच्या कल्पक कामाला पुरस्कार देत आलीय, रक्कम लहान, साधारण हजार डॉलर, पण मान मोठा आणि तो १५ ऑक्टोबरच्या सुमाराला, म्हणजे जागतिक ग्रामीण महिला दिनाच्या निमित्तानं. (आपल्याकडं तोच दिवस महिला किसान दिवस म्हणून असतो, तुमच्या गावात कुणी साजरा केल्याचं आठवतंय का? मला तरी नाही.) फ्रान्समधल्या इव्ह रोशे फाउंडेशनचा ‘तेर द फाम’ आहे, म्हणजे ‘बायकांची धरती’ असंच काहीतरी, तो २००१ पासून झाडं आणि निसर्गासाठी झटणाऱ्या बायकांनाच मिळतो. आणि २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेपासून महिला संघटनांनी मिळून एक सुरू केलाय, ज्यात हवामान बदलावरचा उपाय तर पाहिजेच पण त्यात बायकांचा हक्क आणि निर्णय आहे का ते पण बघतात. हा मला आवडतो, कारण नुसत्या राबणाऱ्या बाया दाखवून काम भागत नाही तिथं.

पण तुमच्या गटाला जवळचा कोणता, तर इक्वेटर पुरस्कार. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, २००२ पासूनचा, दहा हजार डॉलरचा, आणि तो एकट्या माणसाला नाही तर गावच्या गटाला, संस्थेला मिळतो, बाया-पुरुष दोघांच्याही. काम किमान तीन वर्षं चालू पाहिजे. तुमची चार झाली. फी नाही.

आणि हा आपल्या मराठवाड्यात येऊन गेलाय ताई! २०१७ ला स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला मिळाला, न्यूयॉर्कला कार्यक्रम होता तिथं दिला, आणि तो कशासाठी, तर तुम्ही करताय त्याच कामासाठी, बायांनी घरच्या रानातला अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्याच्यात घरात खायचं ते सगळं मिसळून पिकवायचं. या कामाचं मूळ आहे किल्लारीच्या भूकंपात. ३० सप्टेंबर १९९३ नंतर घरं बांधायला सुरुवात झाली तेव्हा गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं, म्हणजे सरकार आणि गावकरी यांच्या मधल्या, कुणाचं घर कुठवर आलं, कुणाला पैसे मिळाले नाहीत ते बघणाऱ्या. डोक्यावरचा पदर सांभाळत इंजिनिअरला भिंतीचं माप विचारणाऱ्या त्या बाया. प्रेमा गोपालन यांनी ते बायांचं जाळं पुढं बचतीकडं, मग शेतीकडं नेलं. २०२२ ला त्या गेल्या. लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी घरांत आज जे हुलगं-मटकी खाल्लं जातं त्याच्या मागं ते काम आहे, आणि निम्म्या मराठवाड्याला याचा पत्ता नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

तुम्ही अर्ध्या एकरात मिसळून लावताय त्याची किंमत मला गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला कळली. निलंग्याकडं आत्याच्या रानात गेलो होतो, कडब्याची कोप केलेली, आंबिलीचं मडकं, उंडे, सगळं अगदी जसंच्या तसं. आणि भज्जी. आता भज्जी म्हणजे काय असतं, रानात जे जे असेल ते सगळं एका पातेल्यात, तुरीचे ओले दाणे, वालाचे, हरभऱ्याचे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, चुका, वरून चिंचेचा कोळ आणि बेसन लावून रटरट शिजवायचं. आत्या बसली भज्जी ढवळत आणि म्हणाली, यातली एक चिंच तेवढी आपली गं, बाकी सगळं बाजारातून आणलंय चारशे रुपयाचं. सात एकर रान आहे त्यांचं. खरिपात सोयाबीन, मग हरभरा, तो पण फवारलेला म्हणून त्याचा पाला घेतला नाही. रानाची पूजा करायला गेलो आणि नैवेद्य बाजारातला. तुमच्या अकरा जणींची भज्जी घरच्या रानातली होते ना, तेच लिहा अर्जात, पहिल्या ओळीत.

आणि गावरान बी जपताय तर आपल्या देशातलंच आणखी एक बघून ठेवा. वनस्पती वाण संरक्षणाचं जे केंद्र सरकारचं प्राधिकरण आहे, ते ‘प्लांट जीनोम सेव्हियर’ नावाचे पुरस्कार देतं, जुनी वाणं जपणाऱ्या गावाला-गटाला दहा लाखांचा. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच कामातून पुढं आल्या, शाळा न शिकलेल्या, २०१८ ला बीबीसीच्या शंभर बायकांच्या यादीत, २०२० ला पद्मश्री. सुरुवात कुठून, तर घरातल्या गाडग्या-मडक्यांतल्या बियांपासून.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. गावाच्या रस्त्याला आणि स्मशानभूमीत मिळून दीडशे वड, पिंपळ, चिंच लावले, घरच्यांनी पाणी घातलं, त्यातले एकशेदहा आज उभे आहेत. झाडाला काय कळतं लावणारा बाई की पुरुष? मग बायकांसाठी वेगळे पुरस्कार कशाला? पर्यावरणात पण आरक्षण का? रागावू नये, मनापासून विचारतोय.

उत्तर : सर, रागवत नाही. एकशेदहा झाडं उभी आहेत म्हणजे तुम्हाला आधी नमस्कार. झाडाला कळत नाही हे पण खरं.

पण तुमच्या पत्रात एक शब्द आहे तो परत वाचा. ‘घरच्यांनी पाणी घातलं.’ घरच्यांनी म्हणजे कोणी सर? तुमचे चिरंजीव पुण्याला आहेत असं खाली तुम्हीच लिहिलंय. मी पैज लावते की त्या एकशेदहातल्या निम्म्या झाडांच्या मुळाशी काकूंच्या डोक्यावरच्या घागरी आहेत. उद्या तुमचा सत्कार झाला तर फ्लेक्सवर कुणाचा फोटो लागेल? तुमचा. आणि तो लागायलाच पाहिजे, पण काकू तिथं खाली सतरंजीवर बसलेल्या असतील, नाहीतर मागं चहाचं बघत असतील. एवढंच म्हणणं आहे वेगळा पुरस्कार देणाऱ्यांचं.

२०१६ चा एप्रिल आठवतोय ना, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर गाडी दिसली, इंजिनाला घातलेले हार दिसले, पुढारी दिसले. टँकरपुढं रात्री दोन वाजता घागरी लावून कोण झोपलं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाणी कमी पडलं की पहिली पायपीट तिची, सरपण संपलं की तिची, आणि पाणी कुठं अडवायचं, बोअर कुठं घ्यायचं हे ठरवायच्या बैठकीत ती नाही. का नाही, तर जमीन तिच्या नावावर नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटीच्या खात्यांमागं बायांची खाती चौदाच्या आसपास होती. शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचं आंदोलन केलं तेव्हा पुष्कळ गावांत नवऱ्यांनी आपणहून सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं, आमच्या वडलांनी पण लावणार लावणार म्हणत तीस वर्षं काढली, शेवटी आईचं नाव लागलं ते वारस म्हणूनच. असो.

वांगारी मथाईंचं मघाशी नाव आलं. त्यांनी १९७७ ला केनियात खेड्यातल्या बायांना घेऊन झाडं लावायला सुरू केलं तर वनखात्याचे लोक म्हणाले, झाड लावायला डिप्लोमा लागतो, या अडाणी बायांना काय येणार. बायांनी फुटक्या भांड्यांत रोपं केली. पुढं पाच कोटींच्या वर झाडं झाली आणि २००४ ला शांततेचं नोबेल, आफ्रिकेतल्या बाईला मिळालेलं पहिलंच शांततेचं नोबेल. डिप्लोमावाल्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

आणि दुसरं एक, बायांची काम करायची रीत पण निराळी असते सर, ती पुरस्कारामुळंच बाहेर कळते. आसाममध्ये हरगिला म्हणून एक मोठा करकोचा आहे, टकला, गळ्यात पिशवी लोंबणारा, मेलेलं खाणारा, तिथं लोक त्याला अपशकुनी समजायचे आणि घरट्याची झाडंच तोडून टाकायचे. पूर्णिमा देवी बर्मन यांनी काय करावं? भाषण नाही, पोलीस नाही, गावातल्या बाया जमवल्या आणि त्या पक्षिणीचं डोहाळजेवण केलं. ओवाळून, गाणी म्हणून, अगदी आपल्याकडं सुनेचं करतात तसं. मग ज्या पक्ष्याचं डोहाळजेवण आपण केलंय त्याचं घरटं कोण तोडू देईल? आता तिथल्या हजारो बाया ‘हरगिला आर्मी’त आहेत, साड्यांवर, गमछ्यांवर तो पक्षी विणून विकतात. २०२२ ला संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ त्यांना मिळाला. मला सांगा सर, हे तुम्हाआम्हाला, म्हणजे तुम्हाला, सुचलं असतं का? (मला पण नसतं सुचलं.)

तर तुमच्या झाडांसाठी बाई-पुरुष न बघणारे पुष्कळ पुरस्कार आहेत, जरूर मिळवा. फक्त अर्जात ‘घरच्यांनी’ खोडून तिथं काकूंचं नाव घाला.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, बीएस्सी सेकंड इयरला आहे. माझी काकू नऊ वर्षं झाली गावच्या गायरानात शेळ्या राखता राखता कडुनिंब, बोर, हिवर, बाभळी जगवायलीय. काट्याचं कुंपण करती, उन्हाळ्यात घरून पाणी नेती. तिला लिहिता येत नाही. मला तिचं नाव कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचंय. काय काय लागतं? इंग्रजी लागतं का? माझं इंग्रजी कच्चं आहे आणि चॅट जीपीटीला विचारलं तर लई मोठं मोठं लिहून देतं.

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून मी चहा गार केला.

त्या मोठ्या मोठ्या लिहिण्याच्या नादी लागू नकोस. ‘माझी काकू पर्यावरण संवर्धनाच्या क्षेत्रात अमूल्य योगदान देत आहे’ असं लिहिलंस की ती काकू राहतच नाही, सत्कारातलं भाषण होतं ते. तू लिही की सकाळी आठला शेळ्या सोडते, डोक्यावर पाच लिटरचं कॅन असतं, पाणी कुठल्या झाडाला आधी घालते आणि का. शेळ्या जी झाडं खाऊन टाकतात ती शेळ्या राखणारीच बाई वाचवते, यातच अर्धी गोष्ट आली, परीक्षकाला खुर्चीत सरळ बसवणारी गोष्ट आहे ही.

पण नुसती गोष्ट चालत नाही, हिशेब लागतो. आजच एक वही घे, दोनशे पानी. पहिलं काम, काकूला बरोबर घेऊन गायरानात जा आणि झाडं मोज. लावलेली नाही, जगलेली. आपल्याकडं आकडा कायम लावलेल्या झाडांचा असतो, एकाच खड्ड्यात दर पावसाळ्यात नवं झाड आणि नवा फोटो. मथाईंच्या चळवळीत बायांना रोपामागं थोडे पैसे मिळायचे ते रोप जगलं तरच. तू पण तसंच मोज. दोन उन्हाळे काढले तेच झाड धरायचं. जात लिही, साधारण वय लिही, कंबरेएवढं की डोक्याच्या वर ते लिही. मेलेली पण लिही, कोणत्या साली, कशानं, वणवा लागला की कुणी तोडलं की नुसतंच वाळलं. मेलेल्यांचा हिशेब दिला की जगलेल्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

मग फोटो. एक दगड ठरव, त्या दगडावर उभी राहून दर महिन्याला एकच दिशा, एकच फोटो. काकू मधे नको, गायरान दिसू दे. वैशाखातला आणि भाद्रपदातला शेजारी शेजारी ठेवलास की काही बोलायलाच लागत नाही. काकूचा एक फोटो वेगळा, काम करताना, पैठणी नेसवून रोप हातात धरून नको बाई कृपा करून.

गावातल्या तिघाचौघांचं म्हणणं लिहून घे, त्यात एक तरी असा घे ज्याचं काकूशी जमत नाही. गायरान म्हणजे कुणाचं तरी अतिक्रमण असणारच, भांडणं झाली असतील, ती पण लिही. ग्रामपंचायतीच्या ठरावात कधी तिचं नाव आलंय का बघ, नसेल तर पुढच्या ग्रामसभेत एक ओळीचा ठराव मागा, की अमुक बाईनं गायरानात एवढी झाडं जगवली. हे सगळ्यात अवघड पान असेल तुझ्या वहीतलं, पण जिनिव्हाच्या आधी गावच्या रजिस्टरात नाव लागू दे.

आता शिफारस. जिनिव्हावाल्या पुरस्कारासारख्या ठिकाणी स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही, काम जवळून बघितलेल्या दुसऱ्यानं सुचवावं लागतं, आणि तू पडली पुतणी. म्हणून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कुणाला, नाहीतर तुझ्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना एकदा गायरानात घेऊन जा, नुसतं पत्रावर सही मागू नकोस, चालव त्यांना उन्हात. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातलं कुणी आलं तर उत्तमच. इंग्रजी शेवटी लागतं, पण शेवटीच. आधी मराठीत, तुझ्या बीडच्या मराठीत, दोन पानं लिही, मग मॅडमकडून साधं सरळ इंग्रजी करून घे.

आणि हे सगळं करायच्या आधी काकूला विचारलंस का? पत्रात कुठं दिसलं नाही म्हणून विचारते. नको म्हणाली तर वही तरी चालू ठेव.

जाता जाता एक. तुझ्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी वडलांचं नाव आहे. औशाच्या ताईंच्या पाकिटावर मालकांचं होतं. या महिन्यात तेवीस पाकिटं बायकांची आली, त्यातल्या सतरांवर पुरुषाचं नाव, मी मुद्दाम मोजली.

प्रश्न : समजा गटाला खरंच मोठी रक्कम मिळाली तर ती कुणाची? अध्यक्षाची का सगळ्यांची? आमच्यात फिरत्या ढालीवरून दोन बायांचं बोलणं बंद आहे. — हिंगोलीहून

उत्तर : गटाच्या नावानं मिळाली तर गटाची, गटाच्या खात्यात, तिघींच्या सहीनं. पण हे अर्ज करायच्या आधी इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, रक्कम आल्यावर लिहायला बसलात तर ढाल बरी म्हणायची वेळ येईल. भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवींनी गोल्डमनचे पैसे घरी नेले नाहीत. गॅसकांडात घरची माणसं गेलेल्या, स्वतः आजारी पडलेल्या, स्टेशनरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या या दोन बाया, एक मुसलमान एक हिंदू, त्यांनी त्या पैशातून चिंगारी ट्रस्ट काढला, गॅसपीडितांच्या घरांत जी अपंग लेकरं जन्माला आली त्यांच्यावर तिथं उपचार होतात. तुम्ही ट्रस्ट काढा असं नाही म्हणत, पण काय करणार ते आधी ठरवा. आणि त्या दोघींची चहाला गाठ घालून द्या, ढाल मधे ठेवून.

प्रश्न : गोल्डमन पुरस्कारात साप देतात असं आमचे सर म्हणाले. खरं का? — इयत्ता नववी, नांदेड

उत्तर : खरं. पण ब्राँझचा. आपलीच शेपूट तोंडात धरलेला, ऑरोबोरस म्हणतात त्याला, निसर्गाचं चक्र संपत नाही अशा अर्थानं. सरांना सांग चावत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या लहानपणी आमच्याकडं राळ्याचा भात असायचा, पिवळाधमक. आता राळा बघायला पण नाही. बी कुठं मिळंल? परसात चार ओळी लावून बघायच्यात. — निलंगा तालुका

उत्तर : मावशी, माझ्याकडं आहे. मघाशी ज्या आत्याचं सांगितलं तिनंच दिलाय, राखेत घोळून गाडग्यात ठेवलेला, मूठ मूठ सगळ्यांना देता येईल एवढा. मृगाचा पाऊस चांगला पडला की ओल बघून पेरायचा, खोल नको, बारीक बी आहे, बोटाच्या एका पेराएवढंच खाली, आणि कणसं भरायला लागली की चिमण्यांची राखण करायची नाहीतर तुमच्या वाट्याला पेंढाच येईल. पिकल्यावर नेलेल्या बियाच्या दीडपट राळा पुढच्या कुणालातरी द्यायचा, मला नको. स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर नाव तुमचं टाका मावशी, मालकांचं नको.